प्रबंध, गुपितं आणि वकील : जागल्यांना कायद्याची मदत केव्हा मिळते?

मे १९८८. मुंबईच्या विमानतळावर नौदलातून निवृत्त झालेल्या एका कॅप्टनला अमेरिकेच्या विमानात बसण्याआधी अडवण्यात आलं. त्यांचं नाव डॉ. बी. के. सुब्बाराव. त्यांच्याजवळच्या ज्या कागदांवरून पुढे खटला उभा राहिला, त्यात त्यांचा स्वतःचा पीएच.डी.चा प्रबंधही होता, आयआयटी मुंबईला सादर केलेला. गुन्हा लागला शासकीय गुपिते अधिनियम १९२३ आणि अणुऊर्जा अधिनियम १९६२ खाली. त्यानंतरचे सुमारे वीस महिने त्यांनी तुरुंगात काढले.

पेट पास होऊन सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या मित्रांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

आपल्या कोर्सवर्कमध्ये संशोधन नीतिमत्तेचा दोन क्रेडिटचा पेपर असतो. त्यात वाङ्मयचौर्य येतं, बनावट डेटा येतो, पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं येतात. हे सगळं गरजेचंच आहे. पण ज्या प्रयोगशाळेत किंवा कंपनीत तुम्ही काम करता तिथलं काम लोकांना धोक्याचं आहे असं तुम्हाला दिसलं, आणि ते काम गोपनीय असलं, तर काय करायचं? मी विज्ञानाची विद्यार्थिनी, कायद्याची नाही. तरी हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून त्याचा इतिहास वाचायला घेतला. वाचून जे कळलं ते थोडक्यात असं : आपल्याकडे गुपितं फोडल्याचा आरोप आलेल्या माणसाला कोर्टाकडून न्याय मिळतो, पण तो अटकेनंतर, वर्षं गेल्यावर. तोंड उघडण्याआधी जो सल्ला लागतो, त्याची सोय जवळपास नाहीच.

इंग्रजी वर्तमानपत्रं ज्याला ‘व्हिसलब्लोअर’ म्हणतात, त्याला मराठी वर्तमानपत्रं हल्ली ‘जागल्या’ म्हणतात. शब्द गावगाड्यातला आहे. रात्री गाव झोपलेलं असताना जागा राहणारा आणि चोर दिसला की हाळी देणारा तो जागल्या. फरक इतकाच, की त्या जागल्याला हाळी दिल्याबद्दल गाव बलुतं द्यायचं.

आता कायद्याचं मूळ बघू. पहिला शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी १८८९ साली केला. त्याच वर्षी ‘अमृत बझार पत्रिके’ने काश्मीरविषयीचं एक गोपनीय सरकारी टिपण छापून लॉर्ड लॅन्सडाउनच्या सरकारला घाम फोडला होता. पुढे कर्झनच्या काळात, १९०३-०४ मध्ये, हा कायदा आणखी कडक करणारं विधेयक आलं. आधी लष्कर आणि नौदलाच्या गुपितांपुरती असलेली ही कडक भाषा आता ‘मुलकी कारभारा’लाही लागू होणार होती. कलकत्त्याच्या कायदेमंडळात याच्या विरोधात उभे राहिले ते आपले गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या हरकती आजही ताज्या वाटतात. मुलकी कारभार आणि युद्धाची गुपितं एका तराजूत कशी घालता? वॉरंटशिवाय अटक आणि जामीन नाही, हे कशाला? निर्दोष असल्याचं ओझं आरोपीच्या डोक्यावर का? विधेयक थोडंफार सौम्य झालं, पण मंजूर झालंच. १९२३ साली सध्याचा कायदा आला तेव्हा आपला भोकर, नांदेड, लातूरचा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना या कायद्याची झळ थेट लागली नसावी. आपल्याला मात्र तो वारशात मिळाला.

या कायद्यातलं तिसरं कलम हेरगिरीचं आहे. संरक्षणाशी संबंधित गोष्ट असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. संशोधन करणाऱ्याने नीट वाचावं असं आहे पाचवं कलम. अनधिकृत व्यक्तीला माहिती दिली तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि ती माहिती जाणूनबुजून घेणाराही तितकाच गुन्हेगार. हे फक्त सरकारी नोकरांपुरतं नाही बरं का. सरकारशी करार केलेला ठेकेदार आणि त्या ठेकेदाराकडे काम करणारा माणूससुद्धा यात येतो. आणि गंमत म्हणजे ‘गुपित’ कशाला म्हणायचं, याची व्याख्या या कायद्यात कुठेच नाही. विज्ञानाच्या कुठल्याही पेपरात मूळ संज्ञेची व्याख्याच दिली नाही, तर तपासणारा तो पहिल्या पानावरूनच परत पाठवील.

याच पाचव्या कलमात एक छोटी खिडकीही आहे. माहिती कुणाला दिली तर गुन्हा होत नाही, हे तिथं सांगितलंय : ज्याला देण्याचा अधिकार आहे त्याला, न्यायालयाला, आणि देशाच्या हितासाठी ज्याला सांगणं हे आपलं कर्तव्यच आहे अशा व्यक्तीला. ती व्यक्ती कोण हे सांगितलेलं नाही. वकिलाचा उल्लेख नाही. म्हणजे शब्दशः घेतलं तर आपल्याकडचा गोपनीय कागद सल्ल्यासाठी वकिलाच्या टेबलावर ठेवला, तरी आपण प्रश्नाच्या घेऱ्यात येतो. कायदेशीर मदतीची खरी अडचण इथून सुरू होते. वकिलांची फी हा त्यानंतरचा प्रश्न.

सुब्बारावांच्या बाबतीत ही अडचण चांगलीच दिसते. नौदलात असताना त्यांनी अणुपाणबुडीसाठी भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेल्या अणुभट्टीच्या आराखड्यावर तांत्रिक आक्षेप घेतले होते. आपल्यावरचा खटला हा त्याचाच सूड आहे, असं ते शेवटपर्यंत सांगत राहिले. तो हेतू खरा होता का, हे ठरवणं माझं काम नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. आक्षेप तांत्रिक, विषय अणुपाणबुडीचा, म्हणजे पियर रिव्ह्यू करणार कोण? बाहेरच्या एकाही शास्त्रज्ञाला ते कागद दाखवता येणार नाहीत. कोर्टातही कागद ‘गोपनीय’ आहेत की नाही हे सांगणारे साक्षीदार त्याच खात्याचे. अशा खटल्यात वकिलाला रिअॅक्टरचं गणित कळायला हवं आणि इंजिनिअरला कायद्याचं कलम. सुब्बारावांनी मग दोन्ही बाजू स्वतःच सांभाळल्या. आपला खटला स्वतः लढवला, कायद्याचा अभ्यास केला आणि पुढे वकिली केली. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. बी. के. सुब्बाराव’ या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयातही सरकारला यश आलं नाही. नंतर ज्यांनी आपल्याविरुद्ध खोटी शपथपत्रं केली असं त्यांचं म्हणणं होतं, त्यांच्यावर कारवाई व्हावी म्हणून ते सर्वोच्च न्यायालयात गेले. ती याचिका १९९६ मध्ये फेटाळली गेली. निर्दोष सुटले, पण गेलेल्या वीस महिन्यांचा हिशोब कुणी दिला नाही.

याच्या शेजारी आपल्या ओळखीचं एक प्रकरण ठेवून बघा. २०१२ साली जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सिंचन प्रकल्पांतल्या गैरव्यवहारांबद्दल मुख्यमंत्र्यांना आणि राज्यपालांना पत्रं लिहिली. मराठवाड्यातल्या माणसाला धरण आणि कालवा यांबद्दल वेगळं काही सांगायला नको. ती पत्रं छापून आली, चर्चा झाली, सप्टेंबरमध्ये अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला (डिसेंबरात ते परतही आले). पांढरेंनाही त्रास कमी झाला नसेल. पण त्यांच्या म्हणण्यातलं खरं-खोटं कुणीही कालव्यावर जाऊन तपासू शकत होतं. गोपनीय क्षेत्रातल्या जागल्याकडे हीच गोष्ट नसते. लोक पाठीशी उभे राहू शकत नाहीत, कारण कशासाठी उभं राहायचं तेच त्यांना सांगता येत नाही. म्हणून त्याला कायद्याची मदत इतरांपेक्षा जास्त लागते.

गुपितं खरीच असतात, हेही मान्य करायला हवं. क्षेपणास्त्राची माहिती विकणारा आणि जवानांच्या जेवणाबद्दल बोलणारा, दोघांना एकाच मापाने मोजता येत नाही. कायदा मात्र सुरुवातीला दोघांनाही त्याच दारातून आत घेतो.

नाशिकजवळच्या देवळालीचं उदाहरण घ्या. २०१७ मध्ये ‘द क्विंट’च्या पत्रकार पूनम अगरवाल यांनी एका निवृत्त सैनिकाच्या मदतीने छावणीत छुपं चित्रीकरण केलं. सहायक म्हणून नेमलेल्या जवानांना अधिकाऱ्यांच्या घरची कामं करावी लागतात, कुत्री फिरवावी लागतात, हे त्यात होतं. पुढच्या काही दिवसांत त्यात बोललेला एक जवान मृतावस्थेत सापडला. ते दुःख मोठं आहे, आणि छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलणाऱ्या माणसाच्या सुरक्षेची जबाबदारी कुणाची, हा प्रश्न पत्रकारितेलाही टाळता येणार नाही. पण पत्रकार आणि त्या निवृत्त सैनिकावर जो गुन्हा दाखल झाला, त्यात आत्महत्येस प्रवृत्त करण्याच्या कलमासोबत शासकीय गुपिते अधिनियमाचीही कलमं होती. कुत्रं फिरवणं हे राष्ट्रीय गुपित! मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये तो गुन्हा रद्द केला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने राफेल प्रकरणात ‘द हिंदू’ने छापलेली संरक्षण खात्याची कागदपत्रं विचारात घेता येतात, असा निर्णय दिला. म्हणजे कोर्टं दार उघडतात. पण देवळालीच्या प्रकरणाला दोन वर्षं लागली, आणि तिथं मोठ्या शहरातले वकील आणि एक माध्यमसंस्था पाठीशी होती.

पाठीशी कुणी नसलेल्याचं काय? कागदावर आपली मोफत कायदेशीर मदतीची व्यवस्था चांगली आहे. तिचा एक पाया महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात घातला गेला : ‘एम. एच. हॉस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’, १९७८. गरीब कैद्याला वकील देणं ही सरकारची जबाबदारी आहे, असं न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यात सांगितलं. (त्यातला आरोपी पीएच.डी. झालेला, विद्यापीठात रीडर, आणि गुन्हा विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा. आपल्या क्षेत्राचं कायद्यातलं योगदान!) पुढे १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा आला. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली व्यक्ती, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्ह्याच्या न्यायालयात प्राधिकरण आणि तालुक्याच्या न्यायालयात समिती असते. यादीतला ‘कोठडीतली व्यक्ती’ हा शब्द मी तीनदा वाचला. जागल्या मुलगी नसेल, मागास प्रवर्गातला नसेल, स्टायपेंड मर्यादेपेक्षा थोडा जास्त असेल, तर मोफत वकिलासाठी त्याला आधी अटक व्हावं लागतं.

जागल्यांसाठी वेगळा कायदा नाही का? आहे, आणि नाहीही. त्याची कहाणी सत्येंद्र दुबे यांच्यापासून सुरू होते. आयआयटी कानपूरचा हा इंजिनिअर. महामार्गाच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल त्याने २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली. पत्र नावासकट टेबलाटेबलावर फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये केंद्राने एक ठराव काढला. त्याला ‘पीआयडीपीआय’ म्हणतात. केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात तक्रार करायची, लिफाफ्यावर नाव लिहायचं नाही, आतल्या पत्रात मात्र लिहायचं. निनावी तक्रार चालत नाही. हा ठराव केंद्र सरकारच्या कारभारापुरता. राज्याच्या खात्यातला भ्रष्टाचार त्यात बसत नाही, खासगी कंपनी तर नाहीच. आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. माहिती अधिकारातून जमिनीचे व्यवहार बाहेर काढणारा माणूस. त्यांनी आधी पोलीस संरक्षण मागितलं होतं.

पूर्ण कायदा २०१४ च्या मे महिन्यात आला. त्यात एक मोठी गोष्ट होती : शासकीय गुपिते अधिनियमात काहीही असलं तरी लोकहितासाठी ठरलेल्या अधिकाऱ्याकडे तक्रार करता येईल. गोखल्यांनंतर शंभर-एक वर्षांनी आलेली ही ओळ. पण कायदा अमलात येण्याची अधिसूचनाच निघाली नाही. उलट २०१५ मध्ये लोकसभेत दुरुस्ती विधेयक मंजूर झालं, आणि त्यात नेमकी ती ओळ काढायची होती. विधेयक पुढे बारगळलं. मूळ कायदा अजून कपाटात आहे. मला विचाराल तर सुरक्षेच्या नावाखाली ती ओळ काढण्याचा प्रयत्न मला चुकीचा वाटतो. कारण तक्रार वर्तमानपत्राकडे जाणार नव्हती, सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेच जाणार होती. आतलं दार बंद केलं की माणूस बाहेरचं दार ठोठावतो, आणि मग गुपित खरंच फुटतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे येऊ, कारण तुमच्यातले बरेच जण उद्या तिकडेच जाणार आहात. इथली गुपितं आधी कंपनीची असतात. २०२४ च्या मे महिन्यात ओपनएआय कंपनी सोडणाऱ्यांना ‘कंपनीविरुद्ध वाईट बोलणार नाही’ अशा करारावर सही करावी लागत होती, नाहीतर कमावलेल्या शेअर्सवर पाणी सोडावं लागत होतं, हे बाहेर आलं. कंपनीने नंतर ती अट मागे घेतली. जूनमध्ये अशा कंपन्यांतल्या आजी-माजी तेरा जणांनी ‘सावध करण्याचा हक्क’ मागणारं जाहीर पत्र लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता. जागल्यांचे नेहमीचे कायदे कुणीतरी कायदा मोडला असेल तेव्हा लागू होतात. इथं धोका आहे, पण तो अडवणारा कायदाच अजून झालेला नाही. मग मोडला काय? त्यांच्यातल्या काहींचं वकीलपत्र हार्वर्डचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी फी न घेता घेतलं. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये मोठ्या एआय कंपन्यांतल्या कर्मचाऱ्यांना असा धोका सांगण्याचं संरक्षण देणारा कायदा केला.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १७७ आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि मोठी कर्जं घेतलेल्या कंपन्यांनी तक्रारीची यंत्रणा ठेवायची. पुण्या-हैदराबादच्या छोट्या स्टार्टअपला ते बहुधा लागू होत नाही. आणि कंपनी सरकारसाठी काम करत असेल तर? महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या तपासात एआय वापरण्यासाठी ‘मार्वल’ नावाची कंपनी नागपुरात स्थापन केली. देशात अशी पहिलीच, असं सांगितलं जातं. त्या कामाबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त प्रश्न बघा : अशा एखाद्या प्रकल्पात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या डेटा इंजिनिअरला मॉडेल एका वस्तीतल्या लोकांवर जास्त संशय घेतंय असं दिसलं, तर तो कंपनीच्या गोपनीयता करारात बसतो, आणि पाचव्या कलमातही बसू शकतो. पीआयडीपीआयमध्ये मात्र बसत नाही, कारण विषय राज्याचा आणि भ्रष्टाचार कुणी केलेलाच नाही.

आधी वकील गाठला तर काय फरक पडतो, हे दिनेश ठाकूर यांच्या उदाहरणात कळतं. रॅनबॅक्सी औषध कंपनीतला खोटा डेटा त्यांनी उघड केला. त्यांनी अमेरिकेत वकिलामार्फत तिथल्या कायद्याखाली दावा दाखल केला. तो दावा मोहोरबंद असतो. २०१३ मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, तोवर त्यांचं नाव दाव्याच्या कागदात झाकलेलं राहिलं. कंपनी भारतीय, जागल्या भारतीय, संरक्षण मात्र अमेरिकेच्या कायद्याचं.

तुम्हाला उपयोगी पडेल असं थोडं. वकिलाशी झालेलं बोलणं भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ प्रमाणे गोपनीय राहतं. गाईडशी, रूममेटशी किंवा पत्रकाराशी झालेलं तसं राहत नाही. म्हणून पहिलं बोलणं वकिलाशी, आणि तेही सुरुवातीला कागद न देता, मजकूर न सांगता : मी कुठल्या पदावर आहे, कशावर सही केलीय, तक्रार कुणाकडे करता येते, एवढंच. रुजू होताना सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागून घ्या. विधी सेवा प्राधिकरणाचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० आहे. तिथल्या वकिलाला गुपिते अधिनियमाचा अनुभव असेलच असं नाही, पण योग्य दार कोणतं हे विचारायला तरी जागा आहे.

ज्यांना विषय शोधायचाय त्यांच्यासाठी यात भरपूर काम पडलंय. गुपिते अधिनियमाखाली मुंबई उच्च न्यायालयात आलेली प्रकरणं कुणी एकत्र लावून, किती जण सुटले आणि सुटेपर्यंत किती दिवस आत होते, एवढं जरी मोजलं तरी चांगला प्रबंध होईल. सुरुवात गोखल्यांच्या १९०३-०४ च्या भाषणांपासून करा. ती छापील मिळतात, आणि त्यांवर कुठलंही गोपनीय शिक्का नाही.